चावी कोणाकडेच नाही

पिंपळटोली, आसगावजवळ
२८ जून २०१८

मनाली बाई,

जयभीम. एवढंच होतं तर मामानं फोन का नाही केला, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. दुकानात जळकी पाण्याची मोटार खोलून बसलो की समोरच्या बाकावर चार जण असतातच, आणि चौघांनाही कान आहेत. इमेल लिहिताना निदान त्यांना वाटतं, मामा बिल बनवतो आहे. दोन बोटांनी टाइप करतो. चुका झाल्या तर सांभाळून घे.

काल पाणी वापर संस्थेची सभा झाली. यंदा तलावाचं पाणी टोकाकडून सोडायचं ठरलं.

पुण्यात बसून तुला हे छोटं वाटेल. पण तलावाच्या पाळीत जी पाणी सोडायची खिडकी आहे, आपलं तुडुम, तिथून पाट निघाला की आधी मधुकररावांच्या बांध्या, धानाची शेतं, लागतात. मग त्यांच्या भाऊबंदांच्या, मग बाकी गावाच्या, आणि शेवटी, पाटाच्या टोकाला, आपल्या लोकांची टोली. मला कळायला लागल्यापासून पाणी वरून खाली येत आलं आहे. सप्टेंबरात पाऊस दडी मारतो, धान लोंबी पोटात धरून पोटरीत असतो, तेव्हाच तलाव लागतो. आणि पाट टोलीत पोचेपर्यंत त्यात बेडूकच उरतात.

सभेत मी सचिव म्हणून गोड गोड बोलत होतो. माझ्यानं काही होत नव्हतं. मग पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. टोकाची अगदी शेवटची बांधी त्यांची. म्हणाल्या, "वरच्याईनं आजवरी आमच्या आधी पेलं. आता एक साल आमच्या मागून पेऊन पाहा. मरत नाई जी मानूस. आमी मेलो का?" सगळे हसले. अध्यक्ष मधुकररावही हसले, आणि हसता हसता त्यांचा हात वर गेला. हात वर गेला की ठराव झाला. तो हात खाली यायच्या आत मी लिहून टाकला.

पण जूनमधला हात सप्टेंबरात कोणाच्या लक्षात राहतो? तेव्हा "तुही बारी तं कालच झाली" सुरू होईल. तुडुम उघडणारा श्रावण बिचारा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. म्हणून तू एक काम कर. कोणाची पाण्याची बारी कधी, हे सगळ्यांच्या मोबाइलवर दिसेल असं काहीतरी बनव. वेबसाइट म्हण, अॅप म्हण. तुझ्या पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

आणखी एक. मधुकररावांना त्यात एखादी चावी दे. अध्यक्ष आहेत, मान ठेवावा लागतो. लग्नात नवरदेवाच्या मामाला फेटा बांधतात तो काही त्याचं डोकं उघडं पडलं म्हणून नाही. फेटा बांधला की माणूस शांत बसून जेवतो.

तुझा मामा
संघपाल


पुणे
११ जुलै २०१८

मामा,

झालं. सोबत लिंक पाठवली आहे, दुकानातल्या बाकावर दाखवा.

कसं बनवलं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्ही मोटारसुद्धा खोलल्याशिवाय विकत घेत नाही. सगळं लिखाण मी इंटरनेटवर एका जागी ठेवलं आहे. बाऱ्यांचा क्रम बदलायचा असेल तर बदल तिथे करायचा. तो केला की एक मशीन आपोआप जागं होतं, पूर्ण साइट नव्यानं बांधून काढतं, तपासतं आणि तपासणीत पास झाली तरच लोकांसमोर चढवतं. नापास झाली तर लोकांना जुनीच दिसते. राइस मिलसारखं समजा. वरून धान टाकला की कोंडा एकीकडे, तांदूळ एकीकडे, मध्ये कोणाचा हात नाही. सध्या तपासणी अगदी साधी आहे: तारीख बरोबर आहे का, एका दिवशी दोन नावं नाहीत ना. गावाचे नियम मला नीट सांगाल तर तेही त्यात घालता येतील.

आमच्या ऑफिसात या मशीनला नवीन माणसाला हात लावू देत नाहीत. मला तिथे दोन वर्षं झाली, मी अजून नवीनच आहे. म्हणून तुमच्या तलावासाठी हे करताना मला किती मजा आली ते आईला सांगू नका. तिला वाटतं मी सुट्टीच्या दिवशी झोप काढते.

आता तुमच्या फेट्याबद्दल. मधुकररावांची चावी मी बनवली आहे, पण मला ती आवडलेली नाही. मान म्हणून दिलेली चावी तपासणीत अडकली तर अपमान होईल, म्हणून ती तपासणीला वळसा घालून जाते. त्यांनी जे बदललं ते सरळ वर चढतं. मामा, फेटा डोक्यावर बसतो. चावी कुलपात बसते. पुन्हा एकदा विचार करा.

तुमची
मनाली


पिंपळटोली
१९ ऑगस्ट २०१८

मनाली बाई,

विचार करायला वेळच मिळाला नाही, चावी मी पोचती करून टाकली. आणि तू उगाच घाबरतेस. काय झालं ते ऐक.

मधुकरराव मोटारसायकलवरून दुकानात आले. बाकावरच्यांना सरकवून मध्ये बसले आणि खिशातून मोबाइल असा काढला, जसा पोळ्याला बैल गोठ्यातून काढतात. "संघपाल, पाह्य. तुह्या भाचीनं मले चावी देल्ली. आखरी हात माह्याच." मी म्हटलं, "तुमचा हात डोक्यावर असल्यावर आमाले कायची भीती जी." खूश झाले. चावी फिरवून पहिलं काम काय केलं असेल? स्वतःचा फोटो चढवला! फेटा बांधलेला, लग्नातला, बाऱ्यांच्या यादीच्या अगदी वर. लगेच सगळ्यांच्या मोबाइलवर. आपल्या टोलीतला गोपीचंद बाकावर होता. त्यानं फोटो पाहिला, मग मधुकररावांकडे पाहिलं आणि म्हणाला, "फोटो लागला जी. आता हार उद्या घालू का तेराव्याले?"

मधुकरराव त्याच्यावर धावले ते धावलेच, पण फोटो काही काढला नाही. अजून आहे.

बाकी लोकांना साइट आवडली. रोवणा, धानाची लावणी, चालू होता तेव्हा बाया बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, बसून आपापली नावं शोधत होत्या. काही जणी तर नाव दिसलं की पदरानं स्क्रीन पुसत होत्या. श्रावणकडे जुना बटणांचा फोन आहे, त्यात काही दिसत नाही. म्हणून गोपीचंदची सून भावना, जी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते, ती सकाळी त्याला वाचून दाखवते: आज अमुक, उद्या तमुक. श्रावण म्हणतो, "आता मले कोनी शिव्या देत नाई. पयले भावनाले देतेत."

पाऊस चांगला पडला, तलाव भरून सलंगावरून, सांडव्यावरून, वाहिला. सध्या बाऱ्यांची गरजच नाही. तुझं मशीन नुसतं तयार होऊन बसलं आहे. असंच बसून राहो.

नियम नंतर सांगतो. दुकानात मोटारींची गर्दी आहे.

संघपाल


पुणे
२१ सप्टेंबर २०१८

मामा,

तुम्हाला फोन लावला, तुम्ही "मग बोलतो" म्हणून ठेवून दिला. भावनाताईंना लावला, त्या म्हणाल्या, "मामालेच विचार ना बाई." म्हणून लिहिते.

आज मी साइट उघडली. टोकापासून सुरू होणारी यादी उलटी झाली आहे. पहिली नावं मधुकररावांच्या घरची, मग त्यांच्या भाऊबंदांची. पंचफुलाबाई सगळ्यात खाली. मशीनमध्ये प्रत्येक बदलाची नोंद असते, कोणत्या चावीनं, कधी. बदल त्यांच्या चावीचा आहे आणि आठवडा उलटून गेला आहे. आठवडाभर तुम्ही मला एक ओळ लिहिली नाही.

आणि आई काय म्हणाली ते सांगू? म्हणाली, तुझ्या मामाचं बरं चाललंय, मधुकररावांच्या सगळ्या मोटारी त्याच्याकडे आल्या रिवायंडिंगला. सगळ्या! आजपर्यंत ते भंडाऱ्याला नेत होते ना? टोलीतल्या माणसाच्या हातची मोटार त्यांना चालत नव्हती.

मी दोन आणि दोन चार करते आहे. चार यावेत अशी माझी इच्छा नाही. तुम्ही मला सांगा की पाच होतात.

तुम्ही नुसतं हो म्हणा, यादी मी आत्ता सरळ करते. माझ्याकडेही चावी आहे.

मनाली


पिंपळटोली
२२ सप्टेंबर २०१८

मनाली,

जयभीम पोरी. कशालाही हात लावू नकोस. आधी ऐक.

महिन्याच्या सुरुवातीपासून पाऊस नाही. धान पोटरीत आला आणि आभाळ कोरडं. पहिली बारी पंचफुलाबाईंची होती. त्याच्या आधीच मधुकररावांनी आपल्या मोटारी थेट तलावात टाकल्या. सभेत मोटारी टाकायच्या नाहीत असं ठरलं होतं, पण तलावाच्या त्या बाजूला कोण पाहायला जातं? विजेनं पाहिलं. व्होल्टेज पडलं आणि एकामागून एक सगळ्या मोटारी जळाल्या. भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे सगळ्या जिल्ह्याच्या जळक्या मोटारींची रांग. म्हणून माझ्याकडे आल्या. बैलबंडीत घालून आल्या, वर ताडपत्री, म्हणजे टोलीतल्यांना दिसू नये.

मी सगळ्या ठेवून घेतल्या. सगळ्या खोलल्या. आतलं जळकं तांबं काढून ठेवलं. आणि आता त्या दुकानात ओळीनं पोट फाडून बसल्या आहेत. मधुकररावांचा माणूस रोज विचारायला येतो, मी रोज म्हणतो, "तार नागपूरवरून येऊन राहिली जी." तार खरंच नागपूरहून येते. फक्त ती लवकर यावी म्हणून मी काही केलेलं नाही. बाकीच्यांच्या मोटारी आधी हातात घेतल्या, तेही रांगेप्रमाणेच. त्यांना कामात खोट काढता येणार नाही. तुझे दोन आणि दोन झाले का पाच?

मोटारी गेल्या तेव्हा त्यांनी चावी लावली. यादी उलटी झाली. श्रावणनं भावनाकडून ऐकलं तसं तुडुम उघडलं. पंचफुलाबाई पाटात जाऊन उभ्या राहिल्या, पाय रोवून. श्रावण म्हणाला, "मोबाइलात तसंच हाय वो बाई. मी का करू?" त्या म्हणाल्या, "मोबाइलले भेगा पडल्या का रे? माह्या बांधीले पडल्या. चल, दाखवतो." आणि त्याला हाताला धरून नेलं. श्रावणनं भेगेत बोट घातलं, ते अर्धं आत गेलं. तो परत येऊन तुडुमावर डोकं धरून बसला. पण बंद करायची हिंमत झाली नाही. मोबाइलात तसंच होतं ना!

हे माझ्या फेट्यानं झालं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. यावर आणखी लिहीत नाही, लिहिल्यानं पाणी परत येत नाही.

तुला का कळवलं नाही? कारण तू लगेच यादी सरळ केली असतीस. त्यांनी पुन्हा उलटी केली असती. तू पुन्हा सरळ. मग गावात काय म्हणाले असते? संघपालच्या भाचीची चावी मोठी का मधुकररावांची मोठी! भांडण चाव्यांचं झालं असतं, पाण्याचं राहिलंच नसतं. मला पाहिजे होतं की गावानं सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहावं, हात कोणाचा फिरला ते. आता पाहिलं. मधल्या आळीचे लोकही बोलायला लागले, कारण त्यांची बारीही गेली. काल राखीबाई, मधुकररावांच्या चुलतघरची सून, दुकानात येऊन म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडं पानी आलं, पन लाज बी आली." अशी लाज आल्याशिवाय सभा भरत नाही.

आता सभा ठरली आहे. त्याच्या आधी तुझं काम.

चावी काढ. त्यांची काढ, आणि तुझीही काढ. माझी कधी बनवू नकोस. मी चिखल्याच्या खाणीत मँगनीज उपसायला होतो तेव्हा पिंजऱ्यातून खाली उतरायचो. खालच्या माणसानं घंटा दिल्याशिवाय वरचा ऑपरेटर पिंजरा हलवत नसे. वर मॅनेजर उभा असला, ओरडत असला तरी नाही. त्या घंटेवर आम्ही जीव टाकला होता. मॅनेजर चांगला होता की वाईट, हे आम्हाला कधी विचारावंच लागलं नाही. मला तसं पाहिजे.

नियम लिहून घे. टोक आधी. ज्या घरानं यंदा एकदा पाणी घेतलं, त्याला सगळ्यांचं होईपर्यंत दुसऱ्यांदा नाही. त्या घराच्या बांध्या वर असो का खाली, घर एकच. आणि बारीची अदलाबदल करायची असेल तर आपल्या टोलीची जुनी रीत: दोघांनीही पाटावर यायचं, चार माणसांदेखत एकाच पाण्यात हात घालायचे आणि दोघांनी हो म्हणायचं. एकानं म्हटलं आणि दुसरा गप्प, तर झालं नाही. हे तिन्ही नियम सगळ्या गावाला.

मोडलं तर चढायचंच नाही. नाव माझं असलं तरी.

संघपाल


पुणे
२४ सप्टेंबर २०१८

मामा,

पाच झाले. माफ करा. तुमच्या दुकानातल्या त्या फाटक्या पोटाच्या मोटारी डोळ्यांसमोर आल्या आणि मी बसमध्ये एकटीच हसत सुटले. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

जुनी साइट पूर्ण काढून टाकली. डागडुजी केली नाही, पहिल्यापासून पुन्हा मांडली. फोटो गेला, आधीच सांगून ठेवते.

आता असं आहे. बदल कोणीही सुचवू शकतो, भावनाताईंच्या दुकानातून. सुचवला की मशीन पूर्ण साइट बांधतं आणि तुमचे तिन्ही नियम एकेक करून लावून पाहतं. एक जरी मोडला तरी लाल होऊन थांबतं आणि का थांबलं ते मराठीत सांगतं. सगळे पाळले तर हिरवं होतं आणि स्वतःच वर चढवतं. चढवायचं बटणच नाही, त्यामुळे ते दाबणारा माणूसही नाही. अदलाबदलीसाठी दोघांचे होकार आणि पाहणाऱ्या चौघांची नावं लागतात. उद्या नियमच बदलायचे झाले तर वरचा एक, मधला एक, टोकाचा एक, अशा तिघांनी हो म्हणायला हवं, आणि ते सगळ्यांना दिसेल.

ज्या घरांनी पाणी घेतलं ती श्रावणला आणि भावनाताईंना विचारून भरली.

मधुकररावांची चावी गेली. माझी मात्र अजून आहे. तिचं कारण सांगते.

भावनाताईंनी तलावाचा फोटो पाठवला, पाळीवर पाणी कुठवर आहे तो. वरच्यांनी जे ओढलं त्यानंतर किती उरलं याचा अंदाज घेतला. टोकाला पुरतं. मधल्या आळीलाही बहुतेक पुरतं. पण तुमची मोठी बांधी मधल्या आळीच्याही वरच्या अंगाला आहे, म्हणून ती मधल्यांच्याही मागून येते. मामा, तुमच्यापर्यंत पाणी येत नाही. तुम्हाला हे माहीत होतं, हो ना? पत्रात तुम्ही पंचफुलाबाईंच्या भेगा लिहिल्या, स्वतःच्या नाही लिहिल्या.

माझ्या हातात एक ओळ आहे. चावी काढायच्या आधी ती ओळ हलवली तर तुमचं नाव टोकाच्या लगेच मागे येईल. कोणाला चूक वाटणारही नाही, तुम्हीच तर हे सगळं उभं केलं. सांगा. मग मी दार लावते.

ऑफिसात आज टीम लीडला म्हटलं, मशीन मलाही चालवू द्या, नाहीतर दोन वर्षांनंतरही मी नवीन का, ते लिहून द्या. त्यांनी चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "कधी?"

मनाली


पिंपळटोली
३ ऑक्टोबर २०१८

मनाली बाई,

"दार लाव" एवढे दोनच शब्द त्या दिवशी पाठवले, रागावू नकोस. लांब लिहिलं असतं तर मीच 'ती ओळ हलव' असं लिहून बसलो असतो. भावना म्हणाली, दार लागलं. छान केलंस. आता सगळं सांगतो.

परवा सभा समाज मंदिरात भरली. भावनानं कम्प्युटर टीव्हीला जोडला. मधुकरराव आले, बसले, आणि सुरुवातीलाच म्हणाले, "माही चावी कोठी हाय?"

मी म्हटलं, "नाई जी. काढली."

"कोनाले विचारून?"

"कोनालेच नाई. देतानाही कोनाले विचारलं नव्हतं."

"म्हंजे आता तुह्याकडं हाय."

"माह्याकडं बी नाई. भाचीकडं बी नाई."

ते सभेकडे वळले. "ऐका! भाचीनं बनवलं तं मामाचंच ऐकन का नाई? आता पानी संघपालच्या बांधीत जाऊन राहिलं समजा." आणि खरं सांगतो, मागून दोन-चार माना हलल्या. माणसाला सवय तीच आहे. एकाच्या हातातून गेलं म्हणजे दुसऱ्याच्या हातात गेलं, एवढंच त्याला माहीत.

मी भावनाला म्हटलं, "घाल माझं नाव. सगळ्यात वर." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग घातलं. टीव्हीवर पिवळा गोल फिरायला लागला. सगळं समाज मंदिर त्या गोलाकडे पाहत बसलं, लहान पोरंसुद्धा. गोल थांबला. लाल झाला. खाली तुझी ओळ आली: टोकाची बारी बाकी आहे.

गोपीचंद ओरडला, "मामाले बी नाई सोडलं बापा!" आणि असा हशा झाला की बाहेर बांधलेल्या शेळ्या ओरडायला लागल्या.

मग मी म्हटलं, आता मधुकररावांचं घाला. ते नको नको म्हणत होते, पण लोकांना चटक लागली होती. पुन्हा गोल, पुन्हा लाल, पुन्हा तीच ओळ. अक्षरसुद्धा वेगळं नाही. त्यांना म्हणून 'कृपया' नाही की काही नाही. मधुकरराव म्हणाले, "मशीन उद्धट हाय."

मी म्हटलं, "उद्धट नाई जी, बहिरी हाय. आवाज मोठा का लहान, तिले समजतच नाई."

मग भावनानं ठरावाप्रमाणे यादी घातली, पंचफुलाबाईंपासून. हिरवी झाली, आणि आमच्या डोळ्यांसमोर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आपोआप उघडली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे उठून तुडुमावर गेले. टोलीतले तर होतेच, मधल्या आळीचे, वरचेही दोघं-तिघं, राखीबाई तर सगळ्यांच्या पुढे. श्रावणनं सगळ्यांकडे पाहिलं आणि तुडुम उघडलं. मशीन तुडुम उघडत नाही पोरी, हे तुलाही माहीत आहे. श्रावणच उघडतो. पण त्या दिवशी त्याला आवाज ऐकायचाच नव्हता.

पाणी आमच्या बांध्यांजवळून गेलं. मी धुऱ्यावर उभा होतो. माझ्या बांधीचं पाटाकडचं तोंड मातीनं बंद होतं आणि पाणी त्याला घासून पुढे निघालं. फावडं हातातच होतं. शेजारी गोपीचंद होता, तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "फावडं मले दे. जड झालं असन." दिलं.

आता शेवटचं, जे लिहिण्यासाठी हा इमेल.

मधुकररावांची एक बांधी टोकाला आहे, पंचफुलाबाईंच्या लागून, मागे कोणाकडून तरी घेतलेली. जुन्या यादीत तिची बारी दुसरीच होती. चावी फिरवून त्यांनी वरच्या बांध्या भरल्या, आणि घर एकच म्हणून ही बसली सगळ्यांच्या मागे. त्यात त्यांनी यंदा चांगल्या वाणाचा धान लावला होता. काल ते टोलीत आले. पायी. मी त्यांना टोलीत पायी आलेलं पाहिलं नव्हतं. पाटावर पंचफुलाबाई पाणी वळवत होत्या. मधुकरराव म्हणाले, "बाई, एक दिवसाची बारी बदलून दे. माहा धान करपून राहिला."

बाई म्हणाल्या, "रीत माहीत हाय ना जी?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आम्ही चारच्या जागी पंधरा माणसं होतो. मग ते खाली बसले, धोतर सावरलं आणि पाटाच्या पाण्यात हात घातला. बाईंनीही घातला. आमच्या तलावाच्या एका पाण्यात ते दोन हात शेजारी शेजारी.

मधुकरराव म्हणाले, "माहा होकार हाय."

पंचफुलाबाईंनी हात पाण्यातच ठेवला. ओल्या बोटांनी थोडा गाळ बाजूला केला, पाणी मोकळं वाहू दिलं. मग म्हणाल्या, "माहा नाई. माह्या लोंब्या भरून राहिल्या. त्याइले पानी लागते."

आणि हात काढून पदराला पुसला.

मला वाटलं आता ते ओरडतील. ते नुसते बसून राहिले, हात पाण्यात तसाच. कोणाला सांगायचं, कोणाला दरडावायचं? मी सचिव, माझ्याकडे काही नव्हतं. श्रावणकडे नव्हतं. तुझ्याकडे नव्हतं. जे होतं ते एका बाईच्या हो-नाहीमध्ये होतं, आणि ती बोलून मोकळी झाली होती.

त्यांच्या मोटारी मी परवाच बांधून दिल्या, पण तलावात टाकल्या तर आता सगळं गाव पाहील. पक्क्या बांधल्या, दहा वर्षं जळणार नाहीत. त्यांचा तो धान जाईल. माझी मोठी बांधीही अर्धी गेली समज. तू विचारलंस म्हणून सांगतो, हो, मला माहीत होतं. पण या वर्षी पहिल्यांदा आमच्या टोलीतल्या माणसाची अशी बांधी वाळली, जी कोणाच्या मर्जीनं वाळली नाही. ते दुःख मला पचतं. दुसरं पचत नव्हतं.

जाताना मधुकरराव पाटाच्या कडेला थांबले. बाईंकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या साली पाहू."

पंचफुलाबाई वाकून पाणी वळवत होत्या. मान वर केली नाही. म्हणाल्या, "पाहा ना जी. टोकाकडून पाहा."

तुझा मामा
संघपाल